रीलोकेशननंतर स्लॅब बारीक झाला, पण तो खरा मानायचा का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. पुण्यात भूशास्त्रात एम. एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी अंदमान-निकोबारचा सबडक्शन झोन, म्हणजे एक प्लेट दुसरीच्या खाली उतरते तो पट्टा, घेतला आहे. आंतरराष्ट्रीय कॅटलॉगमधून २००५ पासूनचे हजार-बाराशे भूकंप उतरवून घेतले, त्यांच्या आगमनवेळा घेतल्या आणि हायपोडीडी चालवलं, म्हणजे डबल डिफरन्स पद्धतीने भूकंपांच्या जागा नव्याने काढणारा (रीलोकेशन करणारा) प्रोग्रॅम. पूर्व-पश्चिम छेदात आधी भूकंपांचा नुसता ढग दिसत होता. आता पूर्वेकडे उतरत जाणारी बारीक पट्टी दिसते. मार्गदर्शक मॅडमनी ती बघून विचारलं, "हा स्लॅब (खाली उतरलेली प्लेट) आहे की सॉफ्टवेअर?" शिवाय १० किलोमीटर खोलीवर भूकंपांची एक आडवी रेष रीलोकेशनच्या आधीही होती, नंतरही आहे, तिथे काही थर आहे का? आणि शेवटचं, या कामासाठी नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?

मॅडमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून त्याच अंगाने जातो, आणि इथून पुढे त्या विद्यार्थिनीशीच बोलतो. खरं उत्तर "दोन्ही, थोडं थोडं" असं आहे. त्यात कोणाचा वाटा किती, हे तपासून बघता येतं, आणि ते तपासणं हाच तुमचा प्रकल्प आहे. बारीक पट्टी काढून दाखवणं हा नाही.

यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. भूकंप एकमेकांच्या संदर्भात कसे मांडलेले आहेत? ती सगळी मांडणी पृथ्वीवर नेमकी कुठे आहे? आणि ती किती खोल आहे? डबल डिफरन्स पद्धत पहिल्याचं उत्तर झकास देते. दुसऱ्याचं जवळजवळ देतच नाही. तिसऱ्याचं द्यायचं की नाही हे तुमची स्टेशनं कुठे आहेत यावर ठरतं.

खोलीपासून सुरू करू, कारण तुमची आडवी रेष तिथेच अडकली आहे. भूकंपाची खोली कोणीही मोजत नाही. आपल्याकडे मोजलेली गोष्ट एकच असते, लहर स्टेशनवर कधी पोचली. मी शिकलो तेव्हा फोटोपेपरचे ड्रम होते. शॉर्ट पिरियडच्या कागदावर १ मिलिमीटर म्हणजे १ सेकंद. भिंग लावून, पेन्सिलीला बारीक टोक काढून, सगळ्यात आधी पोचणाऱ्या पी लहरीचा पहिला हलका उठाव शोधायचा आणि त्याच्या पाव मिलिमीटरवरून दोघांनी वाद घालायचा. जवळच्या भूकंपासाठी आम्ही एक अडाणी नियम वापरायचो: पी आणि तिच्यामागून येणारी एस लहर यांच्यातल्या दर सेकंदाला अंतर साधारण ८ किलोमीटर. म्हणजे एस लहर वाचताना पेन्सिल १ मिलिमीटर सरकली की भूकंप ८ किलोमीटर सरकला. (पुण्याचं स्टेशन १९६० च्या दशकातल्या जागतिक प्रमाणित जाळ्यात होतं, कोड पीओओ. जुन्या बुलेटिनमध्ये तो दिसला की मला अजून बरं वाटतं.) आज संगणकावर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, पण प्रश्नाचा सांगाडा तोच आहे. माहीत आहेत फक्त वेळा. शोधायच्या आहेत चार गोष्टी: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप सुरू झाला ती वेळ. गॉटिंगनच्या लुडविग गायगरने १९१० मध्ये याची रीत घालून दिली (काउंटरवाला गायगर वेगळा). आधी एक अंदाज धरा, त्यावरून प्रत्येक स्टेशनची वेळ काढा, प्रत्यक्षाशी फरक बघा, अंदाज थोडा हलवा, पुन्हा काढा. आजही बहुतेक प्रोग्रॅम आतून हेच करतात.

आता कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करून बघा. लहर सेकंदाला ६ किलोमीटर जाते आणि सरळ रेषेत जाते असं धरू. भूकंप १० किलोमीटरवर आहे की २० वर, हे स्टेशनला वेळेतल्या फरकावरून कळायला हवं. स्टेशन अपिकेंद्रापासून (भूकंपाच्या बरोबर वरच्या, जमिनीवरच्या बिंदूपासून) २० किलोमीटरवर असेल तर हा फरक जवळजवळ १ सेकंद येतो. ६० किलोमीटरवर असेल तर ०.४ सेकंद. ३०० किलोमीटरवर असेल तर ०.०८ सेकंद. हाताने पी वाचताना ०.१ सेकंद इकडेतिकडे होतंच. म्हणजे ३०० किलोमीटरवरच्या स्टेशनला खोलीबद्दल विचारणं हे पुण्यात बसून नागपुरातल्या इमारतीचा मजला ओळखण्यासारखं आहे. प्रत्यक्षात किरण सरळ जात नाहीत, खाली जाऊन मॅंटलमधून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वर येतात. तिथे आणखी एक पंचाईत असते. सगळी स्टेशनं दूर असली की सगळे किरण उगमापासून साधारण एकाच कोनात खाली निघतात, आणि मग "भूकंप जरा खोल होता आणि जरा उशिरा झाला" व "जरा उथळ होता आणि जरा आधी झाला" या दोन गोष्टी गणिताला सारख्याच दिसतात.

अशा वेळी कॅटलॉग तयार करणारी संस्था खोली गोठवते. गणित सुटत नाही म्हणून एक ठरावीक आकडा धरते आणि बाकीचे तीन काढते. हा आकडा आजकाल बहुधा १० किलोमीटर असतो. जुन्या नोंदींत ३३ असायचा, कारण लहरींच्या प्रवासवेळांच्या जुन्या जेफ्रीज-बुलेन सारणीत कवचाची जाडी ३३ किलोमीटर धरली होती. तर तुमची १० किलोमीटरची रेष हा भूस्तर नाही, ती कारकुनी सोय आहे. कॅटलॉगमध्ये खोलीच्या शेजारी ती गोठवलेली आहे की काढलेली आहे, याची खूण असते. ती खूण टाकून फक्त आकडे उतरवायची चूक जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एकदा करतो.

रीलोकेशननंतरही रेष तशीच का राहिली? कारण डबल डिफरन्स गटाला आतून नीट करतं, गटाच्या मध्याला मात्र ते फारसं हलवू शकत नाही. सुरुवात १० वर केली तर शेवट १० च्या आसपासच होणार. हे पडताळायला अर्धा तास लागेल. तेच भूकंप, तीच सेटिंग्ज, फक्त सुरुवातीची खोली एकदा १०, एकदा २५, एकदा ४० देऊन चालवा. तिन्ही वेळा उत्तर एकाच खोलीवर आलं तर डेटाला खोली कळते आहे. जिथून सुरुवात केली तिथेच बसून राहिलं, तर डेटाला ती कळत नाही. मग ते भूकंप नकाशावर ठेवा, छेदातून काढा.

आता डबल डिफरन्स. वाल्डहाउझर आणि एल्सवर्थ यांनी २००० मध्ये ही पद्धत मांडली. कल्पना सोपी आहे आणि पुणेकराला तर फारच सोपी. एक मित्र कोथरूडहून निघाला, दुसरा कर्वेनगरहून. दोघे एक्सप्रेसवेने दादरला चालले आहेत. बोरघाटात ट्रकांची रांग लागलेली, दोघांचीही चाळीस मिनिटं तिथे गेली. दादरला बसलेल्या मावशीला घाटातल्या रांगेचं काही माहीत नाही. तिने एकट्या मित्राच्या वेळेवरून त्याचं घर शोधायचं म्हटलं, तर चाळीस मिनिटांच्या चुकीमुळे ते घर सातारा रस्त्याला कुठेतरी निघेल. पण दोघांच्या वेळांतला फरक घेतला की घाट दोन्हीकडून वजा होतो, आणि उरतो तो जवळजवळ फक्त दोन घरांमधला फरक. अशा मावश्या नाशिकला, सोलापूरला, कोल्हापूरलाही असतील, तर दोन घरं एकमेकांपासून कुठल्या दिशेला आणि किती लांब हे छान कळतं.

या गोष्टीतच पद्धतीच्या मर्यादाही आहेत. एक, दोन घरांतलं अंतर कळलं, पण दोन्ही घरं पुण्यात आहेत की तळेगावात, हे कळलेलं नाही. दोन, एक मित्र कोथरूडचा आणि दुसरा साताऱ्याचा असेल, तर दोघांचा बराच रस्ता वेगळा असतो आणि वजाबाकीला अर्थ उरत नाही. म्हणून जोड्या लावताना दोन भूकंपांमधलं अंतर स्टेशनच्या अंतरापेक्षा बरंच कमी हवं. सबडक्शन झोनमध्ये तर जास्तच काळजी घ्यायला हवी, कारण थंड प्लेट आणि तिच्यावरचा गरम मॅंटल यांच्यात लहरीचा वेग थोड्याच अंतरात बदलतो. १५ किलोमीटर खोलीवरचा भूकंप ८० किलोमीटर खोलीवरच्याशी जोडला गेला असेल, तर ती जोडी काढून टाका. जोड्यांची फाइल उघडून पन्नासेक जोड्या स्वतः वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण बरंच काही बाहेर येतं.

तीन, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: सगळ्या मावश्या मुंबईच्याच बाजूला राहत असतील तर काय? अंदमान-निकोबार ही उत्तर-दक्षिण पसरलेली बेटांची चिंचोळी माळ आहे. जवळची स्टेशनं त्या माळेवरच. पश्चिमेला समुद्र, आणि त्यापलीकडे हजार किलोमीटरहून दूर आपला पूर्व किनारा. पूर्वेला अंदमान समुद्र, मग थायलंड. म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेला भूकंप बऱ्यापैकी बांधलेला असतो, पण पूर्व-पश्चिम आणि खोलीत सैल. आणि तुमचा छेद कुठला? पूर्व-पश्चिम आणि खोली. ज्या दोन दिशांना डेटा सर्वांत कच्चा, नेमक्या त्याच दोन दिशा तुम्ही कागदावर काढल्या आहेत.

ही कच्ची बाजू नुसती पसरट नसते, तिरकी असते. स्टेशनं एकाच अंगाला असली की पूर्वेकडची चूक आणि खोलीतली चूक हातात हात घालून चालतात, आणि जागा कुठल्या दिशेला किती चुकू शकते हे दाखवणारी चुकीची लंबवर्तुळं कलती होतात. अशा कलत्या लंबवर्तुळांचे दोनशे भूकंप शेजारी ठेवले की एक सुरेख उतरती पट्टी दिसते. स्लॅब नसतानाही. म्हणून पहिलं काम हे करा: प्रत्येक भूकंपाचं चुकीचं लंबवर्तुळ छेदावर काढा. त्यांचा कल आणि पट्टीचा उतार सारखाच आला तर सावध व्हा. पट्टी ४० अंशांनी उतरते आणि लंबवर्तुळं उभी किंवा उलट्या बाजूला कललेली आहेत, असं असेल तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही.

इथे माझी फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या सबडक्शन झोनच्या डेटावर काम करत होतो. रीलोकेशननंतर एका पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या, एकमेकींना समांतर, मध्ये ७-८ किलोमीटरची मोकळी जागा. दुहेरी भूकंपपट्टा ही कल्पना काही नवी नव्हती. हासेगावा आणि सहकाऱ्यांनी ईशान्य जपानखाली ती १९७८ मध्ये दाखवली होती, तोहोकू विद्यापीठाच्या दाट जाळ्यामुळे. तिथल्या दोन पट्ट्यांमध्ये ३० ते ४० किलोमीटरचं अंतर आहे. मी म्हटलं, आपल्याला अरुंद जात सापडली! आकृत्या काढल्या, सेमिनार ठरवला. सेमिनारमध्ये मागच्या रांगेत बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एकच वाक्य विचारलं, "तारखेप्रमाणे रंग दिलास का?" दिला नव्हता. संध्याकाळी दिला. वरची पट्टी सगळी एका तारखेच्या आधीची, खालची सगळी नंतरची. त्या तारखेला सर्वांत जवळच्या स्टेशनच्या घड्याळाचा जीपीएसशी संपर्क तुटला होता, आणि तिथून पुढच्या सगळ्या वेळा सेकंदाच्या जवळपास सरकलेल्या होत्या. जोडीतले दोन्ही भूकंप त्या तारखेच्या आधीचे असले की चूक नाही, दोन्ही नंतरचे असले की चूक वजा. फक्त आधी-नंतरच्या जोडीत ती पुरी शिल्लक राहते, आणि पद्धतीने इमानदारीने दोन पट्ट्या काढून दिल्या. गणिताची काहीही चूक नव्हती. त्यानंतर माझी कुठलीही आकृती तारखेच्या रंगाशिवाय बाहेर गेली नाही.

तुमच्या बाबतीत तारखेचा रंग आणखी एका कारणाने हवा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने सुमात्राच्या वायव्येपासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा भाग फुटला. त्यानंतरच्या काळातले भूकंप हे बरेचसे त्याचे पश्चातधक्के आहेत. जानेवारी २००५ च्या शेवटी मात्र निकोबारच्या पूर्वेला, अंदमान समुद्रात, एक मोठा झुंड-भूकंप झाला. थोड्या दिवसांत ५ मॅग्निट्यूडच्या वरचे शंभराहून जास्त धक्के. ते उतरत्या प्लेटवरचे नाहीत, बेटांच्या मागे समुद्रतळ ताणला जातो आणि सरकतो तिथले आहेत, उथळ. ते एकाच छेदात टाकलेत तर पट्टीच्या वरच्या पूर्व टोकाला एक गाठ दिसेल आणि तुम्ही तिच्यावर विनाकारण एक परिच्छेद लिहाल. त्यांचा गट वेगळा काढा.

आता दुसरा प्रश्न, सगळी मांडणी पृथ्वीवर कुठे आहे. इथे सबडक्शन झोन खोडसाळ वागतो. खाली उतरणारी प्लेट थंड असते, थंड दगडातून लहर लवकर जाते. काही स्टेशनांकडे जाणारे किरण बराच काळ प्लेटच्या आतून जातात आणि अपेक्षेपेक्षा लवकर पोचतात. सरासरी पृथ्वीचं मॉडेल वापरणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं, भूकंप त्या स्टेशनांच्या जवळ होता. याचा पुरावा अणुचाचणीने दिला, कारण तिची जागा आधीच माहीत असते. २९ ऑक्टोबर १९६५ ला अमेरिकेने अल्यूशियन बेटांमधल्या आम्चिट्का बेटाखाली लाँगशॉट नावाचा स्फोट केला. दूरच्या स्टेशनांच्या वेळांवरून जागा काढली तर ती खऱ्या जागेपासून २० किलोमीटरहून जास्त उत्तरेला आली. शेकडो वेळा हाताशी असून. स्टेशनं वाढवून ही चूक जात नाही, कारण ती वाचनातली चूक नाही, मॉडेलमधली आहे. डबल डिफरन्सनेही जात नाही. अख्खी पट्टी एका बाजूला ढकललेली असेल, तर रीलोकेशननंतर ती तितकीच ढकललेली, पण जास्त रेखीव दिसेल.

म्हणून प्रबंधात "पोर्ट ब्लेअरच्या खाली प्लेटचा माथा इतक्या किलोमीटरवर आहे" असं वाक्य या कामावरून लिहू नका. "भूकंपांच्या पट्टीची जाडी आधी वाटत होती त्यापेक्षा कमी आहे आणि उतार इतका आहे" असं लिहिता येईल, पुढच्या चाचण्या पार पडल्या तर.

सॉफ्टवेअरबद्दल दोन-तीन कोरड्या पण गरजेच्या गोष्टी. मूळ हायपोडीडी सपाट, आडव्या थरांचं मॉडेल धरतं. काही शे किलोमीटरच्या आतल्या स्टेशनांना ते चालतं. तुम्ही आंतरराष्ट्रीय बुलेटिनमधून वेळा घेतल्यात, म्हणजे त्यात हजारो किलोमीटर दूरची स्टेशनंही असणार. तिथे पृथ्वी गोल आहे हे विसरून चालत नाही. ती स्टेशनं गाळा, किंवा दूरच्या वेळांसाठी केलेली आवृत्ती वापरा. प्रोग्रॅम शेवटी जो कंडिशन नंबर (गणित किती डळमळीत आहे याचा आकडा) छापतो तो ४० ते ८० मध्ये ठेवायचा अशी मॅन्युअलमधली सूचना आहे. तो फार खाली असेल तर डॅम्पिंग, म्हणजे जागा फार हलू नयेत म्हणून लावलेला लगाम, जास्त आहे, भूकंप जागचे हललेलेच नाहीत. फार वर असेल तर ते वाटेल तिथे उड्या मारतायत. आणि एलएसक्यूआर पद्धतीने (समीकरणं सोडवायच्या प्रोग्रॅममधल्या एका रीतीने) चालवल्यावर शेजारी जी चूक छापून येते, ती खरी मानू नका. ती प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी असते. "आमची अचूकता ५० मीटर" अशी वाक्यं मी परीक्षक म्हणून बऱ्याचदा खोडली आहेत, त्यातली बहुतेक याच रकान्यातून आलेली.

आणखी एक, किती भूकंप वगळले गेले ते मोजा. ज्यांना पुरेशा जोड्या नाहीत ते गळतात, जे गणितात जमिनीच्या वर हवेत जातात तेही गळतात, आणि ज्यांचा फरक ठरावीक मर्यादेबाहेर आहे त्यांचं वजन शून्य होतं. गर्दीच्या कडेचे लोक बाहेर काढले तर रांग सरळ दिसणारच. हजारातले साडेसहाशेच उरले असतील, तर पट्टी बारीक होण्यात त्या साडेतीनशेच्या जाण्याचा वाटा किती? हे बघायचं सोपं आहे. उरलेल्या साडेसहाशेंच्याच जुन्या जागा काढा आणि नव्या जागांशेजारी ठेवा. मूळच्या सगळ्या हजारांशी तुलना करणं फसवं आहे.

खोलीचं खरं औषध वेगळं आहे. भूकंपातून निघालेली एक लहर वर जाते, पृष्ठभागावर आपटून परतते आणि मग दूरच्या स्टेशनला पोचते. तिला पीपी म्हणतात, पहिला पी लहान लिपीतला. ती सरळ आलेल्या पी लहरीपेक्षा किती उशिरा आली, यावरून खोली थेट निघते, उगमवेळेची भानगड मध्ये येत नाही. १० किलोमीटर खोलीला हा उशीर साधारण ३ सेकंद, १०० किलोमीटरला २४ सेकंदांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय बुलेटिनमध्ये याची वाचनं असतात, आणि एंगडाल, फान डर हिल्स्ट आणि ब्युलँड यांच्या १९९८ च्या पद्धतीने ती वापरून काढलेल्या जागाही उपलब्ध आहेत. ५ च्या वरच्या भूकंपांसाठी तुमची सुरुवात तिथून करा. पण समुद्राखालच्या भूकंपात एक खोच आहे. काही ऊर्जा समुद्रतळावर न परतता पाण्यातून वर जाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परतते. ३ किलोमीटर पाणी म्हणजे जाऊन-येऊन ४ सेकंद जास्त, कारण पाण्यात लहर सेकंदाला दीड किलोमीटरच जाते. ती पाण्याची लहर पीपी समजून वाचलीत, तर भूकंप बारा-पंधरा किलोमीटर जास्त खोल जातो. खंदकाजवळ, म्हणजे प्लेट खाली वळते त्या खोल समुद्रात, ही चूक नेहमीची, म्हणून वाचन घेताना त्या ठिकाणची समुद्राची खोली शेजारी लिहून ठेवा.

आता मॅडमच्या प्रश्नाची थेट चाचणी. खोटे भूकंप तयार करा. तुमच्याच भूकंपांच्या जागा घ्या, पण त्यांना मुद्दाम ४० किलोमीटर जाडीच्या ढगात विखरून टाका. एका वेगळ्या वेग-मॉडेलने (कुठल्या खोलीला लहरीचा वेग किती धरायचा त्या तक्त्याने) प्रत्येक स्टेशनच्या वेळा काढा, आणि ज्या स्टेशनला ज्या भूकंपाची वेळ खरोखर मिळाली होती तेवढ्याच ठेवा. त्यात ०.२ ते ०.५ सेकंदांचा गोंधळ मिसळा. मग हाच प्रोग्रॅम, हीच सेटिंग्ज लावून चालवा. ४० किलोमीटरचा ढग ढगच राहिला, तर तुमची बारीक पट्टी बऱ्याच अंशी खरी. ढगाची पण पट्टी झाली, तर ती पट्टी सॉफ्टवेअरची. मी याहून स्वच्छ उत्तर देणारी दुसरी चाचणी बघितलेली नाही, आणि का कोण जाणे, लोक तीच टाळतात. जोडीला एकेक स्टेशन काढून पुन्हा चालवा. एक स्टेशन काढल्यावर पट्टीचा उतार दहा अंशांनी बदलला, तर तो उतार त्या स्टेशनचा आहे, प्लेटचा नाही. मग त्याच्या घड्याळाचा इतिहास शोधायला लागा.

लहरींची रूपं तुमच्याकडे असतील, म्हणजे नुसत्या वेळा नाही तर प्रत्यक्ष नोंदी, तर शेजारी-शेजारी झालेल्या भूकंपांच्या नोंदी एकमेकींवर सरकवून वेळेतला फरक काढता येतो. तो हाताने वाचलेल्यापेक्षा दसपट, कधी त्याहून जास्त बारीक मिळतो. पण एम. एस्सी.च्या एका प्रकल्पात हे बसेल असं मला वाटत नाही. अंदमानसाठी नोंदी जमवण्यातच सहामाही जाईल.

खरं सांगायचं तर हात बसवायला मी तुम्हाला आधी कोयना-वारणेचा एखादा छोटा डेटा घ्यायला सांगेन, मार्गदर्शकांमार्फत मिळाला तर. तिथे सबडक्शन नाही, भूकंप जलाशयाशी निगडित आणि उथळ, बहुतेक दहाएक किलोमीटरच्या आत. पण सगळा प्रकार साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि भोवती दाट स्टेशनं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पुण्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवते, आणि तेव्हापासून तिथे लक्ष ठेवलं जातंय. अशा ठिकाणी जवळचं एक स्टेशन मुद्दाम काढून टाकलं की खोली कशी सैल होते, हे डोळ्यांनी दिसतं. एकदा दिसलं की अंदमानच्या छेदाकडे बघण्याची नजरच बदलते.

१० किलोमीटरच्या भूकंपांचं काय करायचं, तेही सांगून ठेवतो. फेकू नका. नकाशावर त्यांची जागा उपयोगाची आहे. छेदात दाखवायचेच असतील तर पोकळ वर्तुळं काढा आणि आकृतीखाली लिहा: खोली गोठवलेली.

राहिला लॅपटॉप. नवा नको. हजार-बाराशे भूकंपांचा एक फेरा जुन्या लॅपटॉपवरही चहा होईपर्यंत संपतो. फक्त प्रोग्रॅम कंपाइल करण्याआधी त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये भूकंपांची आणि जोड्यांची कमाल संख्या वाढवून घ्या, नाहीतर तो मध्येच बंद पडेल आणि कारणही धड सांगणार नाही. चूक किती असेल याचा अंदाज काढायला वेळा थोड्या थोड्या हलवून दोनशे फेरे करायचे असतील, तर ते रात्री लावून झोपा. आणि प्रत्येक फेऱ्याचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये लिहायला लावा. पावसाळा आहे, आणि लॅपटॉपची बॅटरीही जुनीच असणार.